रुबीच्या ताटातला पहिला घास

सासरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मी परसात गेले, तर माझे सासरे कुत्रीच्या ताटात जेवत होते.

अगदी मांडी घालून नव्हे. उकिडवे बसले होते. समोर जर्मनची, पोचे पडलेली थाळी आणि तीत रश्श्यात कुस्करलेली भाकरी. त्यांनी एक घास उचलून तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश चावला, गिळला आणि शांतपणे बिडी पेटवली. थाळीच्या पलीकडे रुबी, त्यांची तांबूस कुत्री, लाळ गाळत पण जागची न हलता बसली होती. बिडी संपल्यावर आबा म्हणाले, "रुबी, शुरू!" तशी ती थाळीवर तुटून पडली. मी पदर तोंडाशी धरून आत पळाले. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ वाढलेली मुलगी मी; स्थळ बघताना घर, शेती, मुलाची मिलिटरीतली नोकरी सगळं चौकशी करून पाहिलं होतं, पण सासरा कुत्रीच्या ताटात हात घालतो का, हे विचारायचं कुणाला सुचणार? नवऱ्याला सांगितलं तर हे म्हणाले, "आबा चाखतात. रोजच. त्यात काय एवढं?" आबा चहात साखर कमी घेतात, असं सांगावं तसं.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण कुणी त्यांच्याविषयी विचारलं की पहिल्यांदा मला ती थाळीच दिसते. इस्लामपूरपासून आत, कृष्णेच्या काठच्या आमच्या गावात दर दोन घरांआड एक तरी माणूस फौजेत गेलेला. आबाही सुभेदार होऊन परत आलेले. पण बाकीचे पेन्शनर पारावर बसून लढाया सांगायचे, तसं आबांनी कधी केलं नाही. ते फौजेत कुत्री सांभाळायचे. सुरुंग हुंगणारी, माग काढणारी कुत्री. एकाहत्तरच्या लढाईबद्दल विचारलं तर म्हणायचे, "लढाई व्हय? झाली की. आमी बी हुतो." एवढ्यावर विषय संपायचा. आणि कुत्र्यांबद्दल विचारलं, की चुलीवरचा रस्सा आटेपर्यंत बोलत राहायचे.

रुबीचा स्वयंपाक तेच करायचे. परसात तीन दगडांची वेगळी चूल होती आणि वेगळं पातेलं. आठवड्याच्या बाजारातून कोंबडीचे पाय, माना, काळजाचे तुकडे आणायचे; ते समोर उभं राहून, जिवंत कोंबडी कापून घेतलेले. मग ते इतका वेळ उकळायचे की हाडंसुद्धा बोटानं मोडावीत. मीठ नाही, तिखट नाही, कांदा तर नाहीच. हाडाची एकेक किरच वेचून काढायची आणि मगच भाकरी कुस्करायची. माझा स्वयंपाक त्यांनी इतक्या निगुतीनं कधी तपासला नाही, हे माझं भाग्यच म्हणायचं. सगळं झाल्यावर पहिला घास त्यांचा. एकदा धीर करून विचारलं, "आबा, हे चाखायचं कशासाठी?"

"लंगरमदलं जेवाण आदी सायेब चाखतो, मग जवान खातो. कुत्रं बी जवानच हाय, सूनबाई."

तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही, हे त्यांना दिसलं असावं. खूप दिवसांनी, मी तांदूळ निवडत असताना ते आपणहून बोलले. फौजेत त्यांच्या हाताखाली एक कुत्री होती. एकदा निघायची घाई होती म्हणून डब्यातलं मांस न चाखताच तिच्या पुढ्यात सरकवलं. संध्याकाळपर्यंत ती गेली. "दुसऱ्या कुणाच्या हातचं तिनं खाल्लंच नसतं," आबा म्हणाले. "माझ्या हाताचं हुतं, म्हून वास बी न घेता खाल्लं तिनं." मग उठून त्यांनी उगाचच गोठ्यातला कडबा वर-खाली केला. मी तांदळात डोकं घालून बसले. पुन्हा हा विषय मी काढला नाही.

आमच्या घराला लागून विलासभाऊजींचं कोंबड्यांचं शेड होतं. विलास म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, तोंडानं फाटका पण मनाचा वाईट नव्हे. शेड घातल्यापासून तो कोंबडी असं म्हणायचा नाही, 'पक्षी' म्हणायचा. रोज सकाळी शेडमध्ये पाचदहा पक्षी मरून पडलेले असायचे. त्याला तो मरतूक म्हणायचा. बाकीचे शेडवाले मरतूक ओढ्यात टाकायचे, नाहीतर कुत्र्यांपुढे. विलास दर चार दिवसांनी कुंपणावरून हाक मारायचा, "आबा, फुकाटचं हाय, घाला की रुबीला! कशाला बाजारात पैसं घालिवताय?"

"फुकाटचं आन् मेल्यालं," आबा म्हणायचे, "दोनी जनावराला घालू न्हाई. कापल्यालं येगळं, मेल्यालं येगळं. ते कशानं मेलं, तुला ठावं हाय का रं?"

"त्यांचं कवा कुणी पंचनामं केल्यात व्हय?" विलास हसायचा.

"मग फूर खड्ड्यात. चुना टाक वर."

विलास खड्डा करायचा नाही, आणि आबा रुबीला त्या बाजूला जाऊ द्यायचे नाहीत. असं आमचं चाललं होतं.

माझी मुलगी मिनू अडीच वर्षांची असताना, पौषातल्या थंडीत, विलासच्या शेडमध्ये मानमोडी आली. मानमोडी काही नवी नव्हती. कोंबड्या माना पिळवटून गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या, हे सगळ्यांनी पाहिलेलं. पण त्या वर्षी पेपरात बातमी आली होती, की तिकडे हाँगकाँगला कोंबड्यांच्या रोगानं माणसं मेली. पारावर कुणीतरी ती मोठ्यानं वाचली आणि गाव हबकलं. कोंबडीचा रोग माणसाला? आजवर कुणी ऐकलं नव्हतं. गुरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. "ही आपली नेहमीची मानमोडी आहे, चांगल्या कोंबड्यांना लस टोचून घ्या," म्हणाले. पण जाताना त्यांनीही दोनदा हात धुतले, आणि गावानं डॉक्टरांचं बोलणं विसरून तेवढे हात धुणं लक्षात ठेवलं. माझंही तेच झालं. हे ड्युटीवर पंजाबात, घरात मी एकटी बाई, पदराला मूल. शेडकडून वारा आला की मी खिडक्या लावून घ्यायची.

विलासनं शेड रिकामं करायला घेतलं. पोत्यात भरून पक्षी ओढ्यात टाकले. रात्रंदिवस गावातली सगळी कुत्री ओढ्यात. आबा काठी घेऊन विलासच्या दारात गेले आणि पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "आरं, ती कुत्री घराघरात जात्यात! लेकरं त्यांच्या गळ्यात पडत्यात!" त्या दिवसापासून रुबी साखळीला. मिनू तिच्याशी खेळायची ती आबा समोर असतानाच. आबांचा जीव कुत्रीत जास्त की नातीत, असं लोक गमतीनं विचारायचे. त्यांना काही दिवसांतच उत्तर मिळणार होतं.

आमच्याकडे गुराढोरांत किंवा कोंबड्यांत रोगराई आली की मरीआईची टोपली शिवेवर नेऊन ठेवतात. टोपलीत दहीभात, लिंबू, हळदकुंकू आणि रोग असलेल्या घरची एक कोंबडी, पाय बांधून. रोग टोपलीबरोबर शिवेपार जातो, अशी समजूत. टोपली न्यायचा मान आमच्या घराण्याचा. दिवेलागणीच्या आत, अनवाणी, कुणाशी न बोलता जायचं, टोपली ओढ्यापलीकडे ठेवायची आणि परत यायचं. येताना मागं वळून बघायचं नाही. बघितलं, की रोग आपल्यामागोमाग गावात परत येतो.

मी आबांना म्हटलं, "तुम्ही मेलेली कोंबडी चुन्यात पुरायला सांगता आणि रोगट कोंबडी डोक्यावरून नेता? यावर विश्वास आहे तुमचा?"

"इश्वास येगळा आन् ड्युटी येगळी," ते म्हणाले. "मान आपल्याकडं हाय. न्हाई म्हणलं तर गाव भ्यालंय, आनिक भिईल."

गंमत म्हणजे आदल्या आठवड्यात पलीकडच्या गावानंही आपली टोपली आमच्या बाजूला आणून ठेवली होती. त्यांनाही शीव होतीच की. दोन गावांमधला तो ओढा म्हणजे रोगाचं एस.टी. स्टँड झाला होता. त्या वेळी मात्र मला हसू आलं नव्हतं.

आबा टोपली घेऊन गेले. रुबीची साखळी कशी सुटली ते आजवर कळलेलं नाही. कडी जुनी होती, ओढून ओढून वाकली असेल. धनी एकटा, डोक्यावर टोपली घेऊन, तिला न बोलावता चाललाय, हे तिला सहन झालं नसणार. ती मागोमाग गेली. बोलायचं नाही म्हणून रस्त्यात कुणी आबांना हटकलं नाही. आबांनी टोपली ठेवली, हात जोडले, आणि वळून सरळ घराची वाट धरली. कधी चुकूनही कुत्रीला परका घास घेऊ न देणारा तो माणूस, त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर ती कुत्री टोपली उपसत होती, आणि मागं बघायचं नाही म्हणून त्यानं बघितलं नाही.

मी ओट्यावर मिनूला घेऊन बसले होते. आबा अंगणात आले, पाय धुवायला वाकले. त्यांच्यामागून रुबी आली. तिच्या तोंडाला पांढरं पीस चिकटलं होतं, जबड्याला रक्त. मला ते दिसून अर्थ लागेपर्यंत मिनू माझ्या मांडीवरून उतरून "लुबीऽ" करत धावली होती. तिनं रुबीच्या गळ्यात हात टाकले. रुबीनं तिचं तोंड, डोळे, ओठ सगळं चाटून काढलं.

मी किंचाळले. आबांनी मान वर केली आणि त्यांच्या हातातला तांब्या पडला. एवढा उंचापुरा माणूस, पण क्षणभर त्यांना हलताच येईना. मग एकदम पुढं होऊन त्यांनी मिनूला उचललं, मोरीत नेलं आणि साबणानं तिचं तोंड, हात, केस चोळचोळून धुतले. ती आकांत करत होती. मी रडत होते. आबा मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी मागं बघितलं न्हाई. मी मागं बघितलं न्हाई." आणि आम्हा तिघांपासून लांब, तुळशीजवळ, रुबी शेपूट पायात घालून बसली होती.

त्याच संध्याकाळी आबांनी घोंगडी घेतली, पातेलं घेतलं, रुबीला दोरी बांधली आणि शेतातल्या विहिरीवर मोटारीची खोली होती, तिकडे निघाले. मी म्हटलं, "कुत्रीला बांधून या. तुम्ही कशाला राहता? थंडी किती आहे!"

"मिल्ट्रीत आजारी कुत्रं येगळं ठिवत्यात, तवा त्याचा माणूस बी त्याच्यासंगं येगळा ऱ्हातो. एकट्या कुत्र्याला न्हाई ठिवत." मग अंगणाच्या कडेला थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् दुसरं बी हाय. तिनं पोरीला चाटलंय. आता मला बी चाटू दे. एका ताटात खातो, एका घोंगड्यात निजतो. काय व्हायाचं आसंल ते आदी माझ्यात दिसंल. म्हातारं हाड हाय, रोगाला सोपं. मला काय झालं न्हाई, तर पोरीला बी काय न्हाई. तू रोज सकाळी माळवदावर ये. मी बांधावर हुबा ऱ्हाऊन टावेल हालवीन. टावेल दिसला, की समज ऑल करेक्ट."

हा माणूस आता तोंडात घास नव्हे, रोगच घेऊन बघणार होता. त्यांना अडवावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण मिनू माझ्या खांद्यावर होती आणि तिचे केस साबणानं ओले होते. मी अडवलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला भीतीशिवाय दुसऱ्या कशानेही आठवत नाहीत. मिनू शिंकली की मी तिला उचलून उजेडात न्यायची. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरायची. कपाळाला हात लावून लावून असं झालं, की ताप माझ्या हाताला आहे की तिच्या कपाळाला, हेच कळेना. तिला दवाखान्यात दाखवून आणलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दहापंधरा दिवस लक्ष ठेवा. शेजारच्या बायका पोरांना आमच्या अंगणात येऊ देईनात. पाण्याला गेले, की हौदावरच्या बाया आपल्या घागरी जरा पलीकडे ओढून घ्यायच्या. त्यांना कशाला दोष देऊ? त्यांच्या जागी असते, तर मी घागर घेऊन घरीच गेले असते. रोज सकाळी धुकं विरलं की मी माळवदावर जायची. उसाच्या शेंड्यांपलीकडे बांध दिसायचा. बांधावर आबा, हातात पांढरा टॉवेल. तो हलला की मी खाली येऊन चूल पेटवायची. त्याआधी माझ्या हातून चहासुद्धा होत नसे.

गावात कुत्री मारायला सुरुवात झाली. कुणी लाडवात विष घालून टाकायचं, कुणी काठीनं. एक दिवस विलास आला. हातात कागदात गुंडाळलेली भाकरी होती. शेड बुडालेलं, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"वैनी, तुमी निस्तं व्हय म्हणा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "रोज आबांचं जेवाण तुमीच उसाच्या कडंला ठिवून येता. त्यात रुबीसाठी ही द्या. आबांना मी नंतर बघतो. एका कुत्रीपायी पोरगी घालवायची हाय का? गावानं सांगितलंय, मी एकटा न्हाई म्हनत."

त्या भाकरीकडे मी बघत राहिले. खरं सांगते, रुबीची दया मला त्या वेळी आली नाही. मला फक्त मिनू दिसत होती. पण तोंडातून आलं ते भलतंच.

"भाऊजी, तिच्या ताटातला पहिला घास आबा खातात."

विलासनं एकदम भाकरी पायरीवर टाकली, जणू हात भाजला. त्याला हे लहानपणापासून ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण भीतीत डोकं कुणाचं ठिकाणावर होतं? तो पायरीवर बसला आणि पोरासारखा रडला. ती भाकरी त्यानं माझ्यादेखत परसात हातभर खड्डा खणून पुरली, वर दगड ठेवला.

मग एका सकाळी बांधावर टॉवेल दिसला नाही.

धुकं असेल म्हणून मी थांबले. धुकं गेलं. ऊन आलं. बांध रिकामा होता. मिनूला ठेवायचं कुणाकडे? कुणीच तिला घेतलं नसतं. तिला कडेवर घेतलं आणि उसातल्या पायवाटेनं निघाले. ज्या जागेपासून तिला लांब ठेवायला मी एवढे दिवस झुरत होते, तिकडेच. दोन्ही बाजूंनी ऊस अंगावर येत होता, पाती मिनूच्या गालाला लागू नयेत म्हणून मी तिचं तोंड छातीशी दाबून धरलं होतं. लांबून रुबीचं भुंकणं ऐकू आलं. घसा बसलेला, थांबून थांबून. आबा बरे असते तर त्यांनी तिला कधीच गप्प केलं असतं.

मोटारीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून आबांचा आवाज आला, "थांब तितंच! पोरीला घिऊन फुडं यायचं न्हाई!" आणि मग खोकल्याची लांबलचक उबळ. दारातून मला त्यांचा चेहरा दिसला. राखेसारखा. ते थंडीनं कुडकुडत होते आणि रुबी त्यांच्या पायाशी होती.

"ताप आलाय का आबा?"

"पोरीला हाय का?"

"नाही. तिला काही नाही."

"नक्की?"

"नक्की आबा."

"मग जा घरी," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मी धावत विलासकडे गेले. त्याच्याकडे पक्ष्यांचे पिंजरे न्यायचा टेंपो होता, गावात त्या घडीला दुसरं वाहन नव्हतं. मला वाटलं, हा येणार नाही. त्यानं टेंपोत दोन बादल्या पाणी ओतलं, तोंडाला टॉवेल बांधला, आणि एकटाच मोटारीच्या खोलीत शिरून आबांना पाठीवर घेऊन बाहेर आला. बांधलेल्या टॉवेलातून तो मोठमोठ्यानं मरीआईचं नाव घेत होता. कऱ्हाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आबांची शुद्ध हरपली होती.

डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. विहिरीकाठची ओली खोली, फरशीवर झोप, पौषातली थंडी, असल्या वयात दुसरं काय होणार, म्हणाले. मी त्यांना कोंबडीचं, कुत्रीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि आबांची खाट कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब सरकवून घेतली. मानमोडीनं माणसाला असं होत नाही, हे गुरांचे डॉक्टर मला पुढेही कितीदा तरी समजावत राहिले. पुढं आठेक वर्षांनी आपल्याकडे बर्ड फ्लू हा शब्द आला, टी.व्ही.वर पांढऱ्या कपड्यातली माणसं कोंबड्या पुरताना दिसली, मेलेले पक्षी कुत्र्यामांजरांना घालू नका म्हणून सांगू लागले, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन घटाघटा पाणी प्याले. तेव्हा मिनू पाचवीत होती. हसली मला.

आबा वाचले. बरेच दिवस दवाखान्यात काढून परत आले ते निम्मे होऊन. आल्याआल्या विचारलं, "रुबी?" ती अजून मोटारीच्या खोलीवरच होती. मी रोज तिची थाळी काठीनं पुढं सरकवून यायची. तीही धडधाकट होती, मिनूही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस केव्हाच उलटून गेले होते. आता कारण काही उरलं नव्हतं. भीती तेवढी उरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रुबीला दोरीनं घरी घेऊन आले. अंगणाच्या कडेला, कडुलिंबाला बांधली. आबा ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. त्यांना बघून ती जमिनीला पोट लावून रांगत, कण्हत होती. मिनू माझा हात ओढत होती. "लुबी! आई, लुबी!" कुंपणापलीकडे विलास उभा होता, त्याच्या मागं दोन बायका. सगळे बघत होते. मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं, ते नेहमीसारखं म्हणतील, ऑल करेक्ट. ते म्हणाले असते, की माझ्यावरचं ओझं उतरलं असतं.

"आबा, सोडू?"

त्यांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. एवढ्या वर्षांत ज्या तोंडून मी 'भ्या' हा शब्द ऐकला नव्हता, ते तोंड माझ्याकडे वळलं.

"मला इचारू नगंस, पोरी," आबा म्हणाले. "लय भ्या वाटतंय मला."

सुभेदार आबा. रोग काय करतो ते बघायला स्वतः आत शिरणारे. ते खाली मान घालून बसले आणि नातीकडे बघेनात. तेव्हा मला कळलं, की इतके दिवस बांधावर टॉवेल हलवणारा माणूस माझ्याइतकाच भ्यालेला होता, आणि तरी रोज बांधावर येत होता.

मिनू अजून रुबीकडे ओढत होती. मी मिनूचा हात सोडला.